मागची रांग

लाइट लागले, पडद्यावर मध्यंतराची पाटी आली, तरी आमच्यातलं कोणीही जागचं उठलं नाही. 2004 चा उन्हाळा, मुंबईतलं एक थिएटर, आणि वसईतल्या आमच्या गावातून दोन टेम्पो ट्रॅव्हलर करून आलेले आम्ही तीसेक जण. समोसेवाला पोरगा ट्रे घेऊन पायऱ्या चढत आला, एकदाच "समोसा, पॉपकॉर्न" म्हणाला आणि आमच्याकडे बघून त्याचा आवाजच बसला. माझ्या मामाने सवयीने दोन समोसे घेतले आणि ते पिक्चर संपेपर्यंत तसेच त्याच्या हातात राहिले, कागदाला तेल सुटलं, पॅन्टवर डाग पडला, त्याला पत्ताच नाही.

पिक्चर होता मेल गिब्सनचा 'द पॅशन ऑफ द ख्राईस्ट'. आज वीस वर्षं उलटून गेली तरी त्याच्याबद्दल लिहायचं म्हटलं की मला आधी पडदा आठवत नाही, आमची रांग आठवते.

माझ्या शेजारी आजी होती. लाल लुगडं, मांडीवर कापडी पिशवी, हातात माळ. आजी आयुष्यात थिएटरात किती वेळा गेली असेल ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि पिक्चर तर इंग्रजीतही नव्हता, सगळे संवाद अरामाईक, लॅटिन आणि हिब्रूत, खाली इंग्रजी ओळी. मी म्हटलं आजी मी तुला कानात सांगत जाते, तर म्हणाली, "तू काय मला सांगतेस, पुढे काय होणार ते मला ठाऊक नाही का?" आणि खरंच होतं ते. येशू क्रुसाच्या ओझ्याखाली पडला तशी ती पुटपुटली, "तिसरं स्थान." आई गर्दीतून धावत गेली तशी, "चौथं." ती बाई कापड घेऊन तोंड पुसायला आली तेव्हा, "सहावं." दर उपवासकाळात, दर शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये गुडघे टेकत टेकत क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरची चौदा स्थानं, केलेली बाई ती, साठ-पासष्ट वर्षं. तिच्यासाठी पडद्यावर नवीन काही घडतच नव्हतं, फक्त चर्चच्या भिंतीवरची चौदा चित्रं हलायला लागली होती.

बाहेरचे लोक "ख्रिश्चन प्रेक्षकांची प्रतिक्रिया" वगैरे म्हणतात तेव्हा त्यांच्या एक गोष्ट लक्षातच येत नाही असं मला वाटतं. आम्ही पिक्चर बघायला गेलो नव्हतो. आम्ही क्रुसाच्या वाटेला गेलो होतो, फक्त या वेळी तिकीट काढून. त्यामुळे कॉलेजातल्या मैत्रिणीने नंतर विचारलं की कसा आहे पिक्चर, मला उत्तरच देता येईना. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कशी झाली असं कोणी विचारतं का?

एक जागा मात्र अशी होती जिथे आजीलाही पुढे काय होणार ते ठाऊक नव्हतं. येशू सुतारकाम करतोय, एक उंच टेबल बनवतोय, आई बाहेर येऊन बघते आणि तिला कळत नाही इतकं उंच टेबल कशाला, मग तो सांगतो की लोक उंच खुर्च्यांवर बसून यावर जेवतील, ती बसायची नक्कल करून बघते, मग हात धुताना तो तिच्या अंगावर पाणी उडवतो. एवढंच. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, हे कुठेच नाही. आजी मोठ्याने हसली, पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं, आणि मग पुढच्याच क्षणी परत तो रक्ताळलेला चेहरा आला तशी तिने माझा हात इतका घट्ट धरला की माळेचे मणी माझ्या तळहातावर उमटले.

परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. वर्सोव्याचा पूल मागे गेला तेव्हा मागच्या सीटवरून कोणीतरी माळेची प्रार्थना सुरू केली, सगळ्यांनी धरली, नायगाव येईपर्यंत चालली. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला वाटत होतं की जगात आमच्यासाठी पहिल्यांदाच कोणीतरी पिक्चर काढलाय.

हे "आमच्यासाठी" मी मुद्दाम लिहिलं. हिंदी पिक्चर बघत मोठे झालेल्या वसईच्या पोराला विचारा. पडद्यावरचा ख्रिश्चन म्हणजे दारू पिणारा अंकल, "क्या मॅन" करणारा, गाऊनमधली मिसेस अमकी, क्लबात नाचणारी मोना नाहीतर लिली, आणि फादर म्हणजे पांढऱ्या झग्यात "माय सन" म्हणणारा कोणीतरी. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तला अँथनी आम्हालाही प्रचंड आवडतो, पण घरात मराठी-सामवेदी बोलणारा, पहाटे उठून केळी आणि भाजी दादरच्या मार्केटला नेणारा, रविवारी मराठीत मिस्सा ऐकणारा ख्रिश्चन मला हिंदीत कधीच दिसला नाही, आणि मराठीतही शोधावा लागतो. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चेसमध्ये किती गाण्यांची शूटिंगं झाली, हिरो-हिरोइन त्या कमानींखाली नाचले, पण त्या किल्ल्यापासून दोन-चार किलोमीटरवर जी चर्चेस जिवंत आहेत तिकडे कॅमेरा वळला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे की या सिनेमावाल्यांचं घराणंच एका येशूच्या पिक्चरपासून सुरू होतं. दादासाहेब फाळक्यांनी गिरगावात तंबूतल्या थिएटरात 'लाइफ ऑफ ख्राईस्ट' पाहिला, आणि त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की डोळ्यासमोरून ख्रिस्ताचं चरित्र सरकत असताना मनात कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या दिसत होती. त्यातून 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' आला. म्हणजे दुसऱ्या धर्माची कथा बघून त्या माणसाला आपली कथा दिसली, तिरस्कार नाही वाटला, मत्सर नाही वाटला, उलट हात शिवशिवले. प्रेक्षक म्हणून याच्याहून चांगली प्रतिक्रिया मला माहीत नाही.

तर 'पॅशन'. तो बनला कसा हे मला खूप नंतर कळलं. गिब्सनने सुमारे तीन कोटी डॉलर स्वतःच्या कंपनीचे घातले, इटलीत मातेरा गावात आणि रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत शूटिंग केलं, मेलेल्या भाषांतला पिक्चर कोण बघणार म्हणून मोठे स्टुडिओ लांब राहिले, शेवटी न्यूमार्केट नावाच्या छोट्या कंपनीने रिलीज केला, 25 फेब्रुवारी 2004 ला, राखेच्या बुधवारी, म्हणजे आमचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी. त्याआधी कित्येक महिने तो पाळकांना, धर्मगुरूंना, चर्चच्या पुढाऱ्यांना खास शो करून दाखवला जात होता. मग चर्चेसनी थिएटरंच्या थिएटरं बुक केली, बसेस भरून लोक गेले. अमेरिकेतच सदतीस कोटी डॉलर, जगभरात एकसष्ट कोटींच्या वर. पोप जॉन पॉल दुसरे यांनी बघून "जसं घडलं तसंच आहे" म्हटल्याची बातमी फिरली, मग व्हॅटिकनमधून सांगण्यात आलं की पोप अशी मतं जाहीर करत नाहीत, पण तोवर ती सगळीकडे पोचली होती.

हे वाचल्यावर मला आमचे दोन टेम्पो ट्रॅव्हलर आठवले. आम्हीही ग्रुप बुकिंग केलं होतं, चर्चच्या दारात नावं लिहून घेतली होती. आम्हाला कोणी फसवलं असं मी म्हणत नाही, आमचं रडणं खरं होतं, आजीच्या हातातली माळ खरी होती. पण ते रडणं कोणीतरी मोजलं. 2006 मध्ये फॉक्स स्टुडिओने 'फॉक्सफेथ' नावाचा वेगळा विभागच काढला, खास आमच्यासारख्यांसाठी. इतकी वर्षं जे आपल्याला ओळखत नव्हते ते अचानक ओळखायला लागले, आणि ओळखलं ते गिऱ्हाईक म्हणून. एखाद्या मयताला आलेल्या लोकांची कोणी संख्या मोजून जेवणाचं कंत्राट घ्यावं तसं काहीसं वाटलं मला.

त्याच 2006 च्या मे महिन्यात 'द दा विंची कोड' आला. मुंबईत निदर्शनं झाली, उपोषण झालं, पिक्चरला ए सर्टिफिकेट आणि ही काल्पनिक कथा आहे अशी पाटी लावून परवानगी मिळाली, गोव्यासह काही राज्यांनी तर बंदीच घातली. आमच्याकडेही सह्यांचा कागद फिरला. ज्या काकूने थिएटरात माझ्या मागे बसून हुंदके दिले होते तीच तो कागद घेऊन आली. मी सही केली. खरं सांगते, न वाचता, न बघता केली, आणि त्या सहीबद्दल मला आज बरं वाटत नाही. कारण तोपर्यंत मी 1988 बद्दल वाचलं होतं, मार्टिन स्कॉर्सेसीच्या येशूवरच्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राईस्ट' या पिक्चरवरून अमेरिकेत हजारो लोक युनिव्हर्सल स्टुडिओच्या दारात उभे राहिले तोवर ठीक होतं, शांतपणे विरोध करणं हा हक्कच आहे, पण पॅरिसच्या सेंट मिशेल थिएटरात चालू शोला आग लावली गेली, माणसं भाजली. येशूची बाजू घ्यायला म्हणून. ज्याने गेथशेमनीच्या बागेत, स्वतःला पकडायला आले तेव्हाही, तलवार म्यानात घाल म्हणून सांगितलं त्याची बाजू घ्यायला.

पण मला हे सगळं लिहायला बसवलं ते वेगळ्याच माणसाने.

पप्पांचे ऑफिसातले एक मित्र, आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. मूळचे अलिबागकडचे, ठाण्यात राहणारे, बेने इस्रायली. कोकणातले ज्यू, ज्यांना एकेकाळी गावात शनवार तेली म्हणायचे, कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद. आडनाव गावावरून, शेवटी 'कर', बोलणं आपल्यापेक्षा शुद्ध मराठी. नाताळला दरवर्षी आमच्याकडे यायचे, आणि त्यांच्या घरी काही चांगलं घडलं की मलिद्याला आम्ही जायचो. ताटात ओलं खोबरं आणि साखर घातलेले पोहे, भोवती फळं, आणि एलियाहू हनबीच्या नावाने प्रार्थना. तो एलियाहू म्हणजे आमचा एलिया संदेष्टा हे मला दहावीत कळलं, तोपर्यंत मी नुसते पोहे खायचे.

पिक्चर बघून आल्यावर पप्पा काकांशी त्याबद्दल बोलायचं टाळत होते. पेपरात छापून येत होतं की या पिक्चरमध्ये ज्यूंना खलनायक केलंय, ज्यू संघटना काळजीत आहेत, वगैरे. पप्पांना काय बोलावं कळेना. तर एक दिवस काकाच घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "काय रे, पिक्चर बघून आलास म्हणे सगळ्या गावाला घेऊन. मीही बघितला."

पप्पा गप्प.

"मी भाषेसाठी गेलो," काका म्हणाले. "म्हटलं आपली प्रार्थनेची भाषा पडद्यावर कशी वाटते बघू." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते आम्हा तीस जणांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. येशूला पकडतात त्या रात्री त्याची आई मरिया दचकून जागी होते आणि विचारते, ही रात्र बाकीच्या रात्रींपेक्षा वेगळी का आहे? आणि येशूची शिष्या मग्दालेना उत्तर देते, कारण एकेकाळी आपण गुलाम होतो आणि आता नाही. आम्हाला वाटलं आईला चाहूल लागली म्हणून ती असं बोलते. काका म्हणाले, "अगं, तो वल्हांडणाच्या, आमच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्रीचा प्रश्न आहे. मा निश्तना. घरातल्या सगळ्यात लहान पोराने विचारायचा. अलिबागला माझ्या आजोबांसमोर मी विचारलाय, चड्डीत असताना. तिथे थिएटरात ऐकला आणि मला रडू फुटलं. माझ्या घरातलं वाक्य ते."

मरियेचं काम केलेली माया मॉर्गनस्टर्न स्वतः रोमानियाची ज्यू नटी, आणि शूटिंगच्या वेळी गरोदर होती, हे मी नंतर वाचलं. तिच्या आडनावाचा अर्थ पहाटेचा तारा. मरियेच्या स्तुतिमालेत आम्ही पवित्र मरियेला तीच हाक मारतो.

मग काका थोडं थांबले, कपातला उरलेला चहा बशीत ओतला, प्यायला नाही. म्हणाले, "आणि तेवढ्यातच, म्हणजे पुढे तो देवळातल्या याजकांचा सीन आला ना, तेव्हा माझ्या मागच्या रांगेतून कोणीतरी शिवी दिली. ज्यूंना. हळू नाही, चांगली ऐकू येईल अशी. आजूबाजूचे एक-दोघे हो हो पण म्हणाले. मी मागे वळून नाही बघितलं. तुझी काकू म्हणाली निघूया. मी म्हटलं नको, शेवटपर्यंत बसू. तो आपलाच माणूस आहे, आपली स्तोत्रं म्हणत म्हणत गेला, त्याला असं टाकून कसं जायचं."

पप्पा उठून बाहेर ओट्यावर गेले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

आम्ही नव्हतो त्या थिएटरात. मागच्या रांगेतला माणूस आमच्या गावचा नव्हता. पण मी रात्रभर विचार करत होते की आमच्या थिएटरात माझ्या पुढे जे दोघे बसले होते, आजी हसल्यावर वळून बघणारे, ते कोण होते मला काय माहीत, आणि आमच्या मागून कोणी काय बोललं असतं तर आम्ही काय केलं असतं. मला प्रामाणिकपणे वाटतं की आम्ही गप्प बसलो असतो, रडत होतो ना आम्ही, रडणाऱ्या माणसाला वाटतं आपण चांगलेच आहोत.

क्रुसाच्या वाटेवर आम्ही काय म्हणतो? चौदाही स्थानांना गुडघे टेकून आम्ही म्हणतो की हे माझ्या पापांमुळे. माझ्या. त्या वेळचा मुख्य याजक कैफा, त्याच्या नाही, अलिबागच्या तेल्याच्या नाही. चर्चने तर 1965 साली 'नोस्त्रा एताते' या कागदात स्पष्ट लिहून टाकलं की येशूच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सगळ्या ज्यूंवर सरसकट लादता येत नाही, आणि आजच्या ज्यूंवर तर मुळीच नाही. 1986 मध्ये जॉन पॉल दुसरे रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले आणि त्यांना आमचे थोरले भाऊ म्हणाले. असं म्हणतात की क्रुसाला खिळा ठोकणारा जो हात पडद्यावर दिसतो तो गिब्सनने स्वतःचा वापरला, मीच दोषी आहे हे दाखवायला. ते मला खरंच भिडतं. पण मग त्याच माणसाने मत्तयच्या शुभवर्तमानातलं, ज्यूंच्या जमावाच्या तोंडचं ते "याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो" हे वाक्य खालच्या इंग्रजी ओळींतून काढलं आणि अरामाईकमध्ये तसंच ठेवलं. म्हणजे वाचणाऱ्याला दिसत नाही, पण ज्याला ती भाषा कळते त्याला ऐकू येतं. 2006 च्या जुलैमध्ये गिब्सनला दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तेव्हा तो पोलिसांसमोर ज्यूंबद्दल जे बोलला त्याची त्याने नंतर जाहीर माफी मागितली. माफी मागितली तर ती घ्यावी, आम्हाला तेच शिकवलंय. पण मला बशीतला तो गार झालेला चहा विसरता येत नाही.

पिक्चर मी टाकून दिला का? नाही. दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, नाही, पण अधूनमधून बघते. आई धावत जाते तो सीन, लहानपणी पडलेल्या पोराला उचलायला धावली होती तशीच, तो आला की मला अजून दम लागतो. फटक्यांचा भाग मी पुढे ढकलते, तो लांबलेला आहे, आणि इतका वेळ मार बघितला की मारणाऱ्याचा राग येत राहतो, स्वतःकडे बघायला जागाच उरत नाही. टेबलाचा सीन मात्र परत परत बघते. आजी गेली 2011 मध्ये. पिक्चर बघून आल्यावर दोन दिवसांनी अंगणात भाजी निवडताना तिने मला विचारलं होतं, "ते टेबल नंतर कोणी नेलं गं?" तिला त्या टेबलाची काळजी लागून राहिली होती, बनवणारा गेला, गिऱ्हाईक आलं असेल का, पैसे आईला दिले असतील का. कुठल्याही प्रवचनात मला मरियेच्या घराचा इतका विचार केलेला आढळला नाही.

आता त्याचा पुढचा भाग येतोय, पुनरुत्थानाचा. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आत्ताच कोणीतरी विचारलंय, बस करायची का. मी हो म्हटलं, मी जाणार आहे. आणि मागच्या आठवड्यात ठाण्याला काकांकडे गेले होते, आता ऐंशी पार केलीत, गुडघे दुखतात, कान मात्र तल्लख. मी म्हटलं काका, तुम्ही याल का आमच्याबरोबर?

बराच वेळ ते खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "येतो की. पण माझ्या मागच्या रांगेत तुम्ही बसा."

मी बसवाल्याला फोन केलाय. काकांची आणि काकूची सीट पुढे, दाराजवळ, पायऱ्या कमी चढायला लागाव्यात म्हणून. थिएटरात एफ रांग त्यांची, जी रांग आमची.